अकरावा शब्द

१

नकाशेबाईंना इमारतीत दुसऱ्या कुठल्या नावाने कोणी हाक मारल्याचं ऐकिवात नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी एका कचेरीत बसून लोकांच्या घरांचे नकाशे काढले होते. निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली, तरी कोणाकडे गेल्या की नजर आधी छताच्या कोपऱ्यांवर जायची. घरातल्या बाई पाणी घेऊन येईपर्यंत खोलीची लांबी-रुंदी मनातल्या मनात मांडून झालेली असायची.

स्वतःचं घर तर त्या डोळे मिटून काढून दाखवू शकल्या असत्या. तिसरा मजला. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, आणि शेवटी मागची छोटी खोली. तिथे त्यांचं नकाशे काढायचं तिरकं टेबल होतं. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून त्या एकट्याच राहत होत्या, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडत होतं.

एके सकाळी त्या नळ चालू ठेवून भाजी आणायला गेल्या. परत आल्या तेव्हा जिन्यातून पाणी उतरत होतं आणि खालच्या मजल्यावरचे लोक दारात बादल्या घेऊन उभे होते. दुसऱ्याच दिवशी मुलगी आली. ती दोन तासांच्या अंतरावर राहायची, शाळेत विज्ञान शिकवायची, आणि काही बोलायचं असलं की आधी सगळं घर आवरून काढायची. त्या दिवशी तिने कपाटसुद्धा आवरलं.

"आई, पुढच्या वेळी गॅस राहिला तर?"

"नळ होता ना? गॅस नव्हता ना?"

"गेल्या महिन्यात गॅसच होता."

मुलगी शेजारी येऊन बसली. तिने डॉक्टरांना विचारलं होतं. वाचनालयात एक वर्ग चालतो, वय झालेल्यांसाठी, डोक्याला व्यायाम देणारा. बारा आठवड्यांचा. शेवटी तपासणी होते.

"तपासणीत नीट निघालीस तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही निघालीस तर माझ्या घराजवळ वृद्धांसाठी एक निवास आहे. मी बघून आले. चांगला आहे, आई. एका खोलीत दोघी."

"किती बाय किती?" नकाशेबाईंनी विचारलं.

मुलीला हसू आलं, आणि मग ती रडायला लागली.

२

वर्ग वाचनालयाच्या मागच्या दालनात भरायचा. मोठं गोल टेबल, सहा खुर्च्या, भिंतीवर कोणीतरी कधीतरी भेट दिलेलं घड्याळ. शिकवणारी मुलगी पंचविशीतली होती. सगळे तिला ताई म्हणायचे आणि ती सगळ्यांना मावशी, काका म्हणायची. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी दहा ते साडेअकरा.

पहिल्या दिवशी तिने सगळ्यांना घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, बसचं वेळापत्रक वाचायला लावलं. नकाशेबाईंच्या शेजारी एक निवृत्त बस ड्रायव्हर बसायचे. आडवा देह, पांढऱ्या मिशा. वेळापत्रक हातात आल्यावर ते म्हणाले, "ताई, हे खोटं आहे. या वेळेवर गाडी कधी आलीच नाही. मीच चालवायचो." सगळं टेबल हसलं. नकाशेबाई बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसल्या.

दुसऱ्या आठवड्यात ताईंनी खरी युक्ती शिकवली.

"डोळे मिटा. आपापल्या घराच्या दारात उभे राहा. आता आत चला, नेहमी एकाच वाटेने. वाटेत दहा जागा पक्क्या करा. मी दहा शब्द सांगेन. प्रत्येक जागी एकेक ठेवून या. मग विचारलं की पुन्हा घरात जायचं आणि ठेवलेलं उचलून आणायचं. बस."

नकाशेबाईंना हे फारच सोपं गेलं. उंबरा, चपलांचं कपाट, दिवाण, फोनचं स्टूल, जेवणाचं टेबल, ओटा, मोरी, न्हाणीघराचं दार, बोळ, आणि शेवटी मागच्या खोलीतलं तिरकं टेबल. ताईंनी शब्द सांगितले: कात्री, ढग, घोडा, साबण असे. नकाशेबाईंनी ढग चपलांच्या कपाटात कोंबला, घोडा दिवाणावर बसवला. वीस मिनिटांनी दहाच्या दहा शब्द ओळीने बाहेर आले.

"मावशी, तुम्ही तर कमाल केलीत!"

ड्रायव्हरांनी घराऐवजी बस घेतली होती. "घरात मी झोपायलाच जायचो," ते म्हणाले. "गाडीतलं मला सगळं पाठ. दहा सीट, दहा प्रवासी."

घरी जाताना नकाशेबाई जिना न थांबता चढल्या. त्यांना वाटलं, आपण सुटलो.

३

चौथ्या आठवड्यातला मंगळवार होता. ताईंनी दहा शब्द सांगितले, मधे आकडे जुळवायला दिले, मग विचारलं. नकाशेबाईंनी डोळे मिटले आणि दारातून आत गेल्या. उंबऱ्यावर कंदील. कपाटात पेरू. दिवाणावर टोपी. एकेक सांगत त्या पुढे निघाल्या.

"...मोरीत वही, न्हाणीघराच्या दारावर ओला टॉवेल, दाराखाली शिट्टी, बोळात पिंप, टेबलावर चांदणी."

ताईंनी कागदावर खुणा केल्या. "दहाच्या दहा बरोबर. फक्त एक जास्तीचा आला, मावशी. टॉवेल यादीत नव्हता."

"नव्हता?"

"होतं असं. मागच्या एखाद्या यादीतला राहून जातो. काळजी करू नका."

नकाशेबाईंनी मान हलवली. बाकीच्या शब्दांना त्यांनी मुद्दाम रंग दिले होते, आकार दिले होते, ओढूनताणून जागेवर बसवलं होतं. टॉवेलला काहीच करावं लागलं नव्हतं. तो तिथे होता. खिळ्यावर घडी मोडून टांगलेला, खालच्या टोकाला पाणी साचलेलं. थेंब फरशीवर पडल्याचा आवाजही त्यांनी ऐकला होता.

घरी येऊन त्यांनी आधी न्हाणीघराचं दार पाहिलं. खिळा होता, त्यावर काही नव्हतं. फरशी कोरडी ठणठणीत होती. वहीत त्यांनी सगळ्या जुन्या याद्या लिहून ठेवल्या होत्या. त्या वरपासून खालपर्यंत वाचल्या. टॉवेल कुठेच नव्हता.

शुक्रवारी पुन्हा अकरा शब्द आले. जेवणाच्या टेबलावर अर्धा प्यायलेला चहाचा कप. पुढच्या मंगळवारी अकरावा शब्द चष्मा होता. फोनच्या स्टुलावर, काड्या उघड्या ठेवलेला. चष्मा नकाशेबाई लावत होत्या, पण काढला की त्या काड्या मिटून ठेवत. आयुष्यभराची सवय होती ती.

चौथ्या वेळी त्यांनी अकरावा शब्द पाहिला आणि सांगितला नाही. दहा सांगून त्या गप्प बसल्या. ताईंनी टाळ्या वाजवल्या.

४

नकाशेबाई तशा भित्र्या नव्हत्या. कचेरीत त्यांची ख्याती होती की कोणाचा नकाशा चुकला असेल तर नकाशेबाईंपुढे ठेवा, चूक सापडेल. तेव्हा एका दुपारी मागच्या खोलीत जाऊन त्यांनी खिडकी उघडली, तिरक्या टेबलावर कागद ताणून बसवला आणि ठरवलं, मनात जे घर आहे त्याचा नकाशा काढून पाहायचा. आठवणीवर जायचं नाही. डोळे मिटायचे, पावलं मोजायची, डोळे उघडायचे, रेघ मारायची.

दीड तास लागला. बाहेरची खोली बरोबर आली. स्वयंपाकघर बरोबर आलं. बोळ आणि मागची खोली मात्र जुळेना. खऱ्या घराचा मूळ नकाशा त्यांच्याकडे होता. तो खाली ठेवून त्यांनी ताडून पाहिलं. मनातल्या घरातली मागची खोली दोन फुटांनी जास्त लांब भरत होती.

त्यांनी खोडून पुन्हा मोजलं. पुन्हा दोन फूट. मग वेगळीच गोष्ट ध्यानात आली. ही खोली मोजताना त्या दारातच थांबत होत्या. भिंतीपर्यंत गेल्याच नव्हत्या. पलीकडच्या भिंतीपर्यंत किती अंतर आहे हे त्या आवाजावरून धरत होत्या. आत खुर्ची सरकल्याचा आवाज.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. ज्या खुर्चीवर त्या बसल्या होत्या ती जागची हललेली नव्हती.

मेंदू म्हातारा झाला की असे खेळ करतो, त्यांनी स्वतःला बजावलं. हे ताईंना सांगायला हवं. डॉक्टरांना सांगायला हवं. आणि मग शब्द कसे मांडायचे याचा विचार करता करता त्या थबकल्या. माझ्या मनातल्या घरात कोणीतरी राहायला आलंय, असं एकाहत्तर वर्षांच्या बाईने सांगितलं तर समोरचा काय लिहून घेईल? मुलगी त्याच आठवड्यात सामान बांधायला येईल. एका खोलीत दोघी.

नकाशा त्यांनी फाडला नाही. घडी घालून कपाटात सगळ्यात खाली ठेवला.

५

आठव्या आठवड्यात मधल्या सुट्टीत ड्रायव्हर त्यांच्याजवळ येऊन उभे राहिले. बाकीचे दालनाबाहेर व्हरांड्यात चहा घेत होते.

"नकाशेबाई, एक विचारू? हसायचं नाही."

"तुम्ही बोललात की हसू येतंच. तरी विचारा."

त्यांनी दाराकडे पाहिलं. "तुमच्याकडे जास्तीचं कोणी येतं का?"

नकाशेबाईंनी हातातला कप बशीत ठेवला.

"माझ्याकडे एक प्रवासी चढलाय," ड्रायव्हर म्हणाले. आवाज थट्टेचा होता, डोळे नव्हते. "पहिल्यांदा शेवटच्या सीटवर दिसला. आरशात. मी म्हटलं, असेल कोणी. पण मी रोज घरी सराव करतो ना, तर रोज एक सीट पुढे येतो. मान खाली घातलेली. तोंड दिसत नाही. चाळीस वर्षं गाडी चालवली, बिनतिकिटाचा माणूस मला लांबून कळतो."

"आता कुठे बसलाय?"

"माझ्या मागे."

घड्याळाचा काटा सरकला.

"सराव बंद करा," नकाशेबाई हळूच म्हणाल्या.

"केला होता हो. चार दिवस. चौथ्या दिवशी घरचा रस्ता चुकलो. पोरगा न्यायला आला, सगळ्या वस्तीसमोर हाताला धरून नेलं त्याने मला." त्यांनी मिशांवरून हात फिरवला. "सराव केला की सगळं लख्ख आठवतं. औषधं, फोन नंबर, कोणाचं लग्न कधी झालं ते. हा काही त्रास देत नाही बरं का. उलट शब्द अडला की मागून सांगतो. हळू आवाजात."

"सांगतो?"

"तुम्हाला नाही सांगत?"

त्याच सकाळी एक शब्द नकाशेबाईंना सापडत नव्हता, आणि मागच्या खोलीतून कोणीतरी घसा साफ केला होता.

६

घर मात्र इतकं नीट कधीच चाललं नव्हतं. गॅस बंद असायचा. नळ बंद असायचे. गोळ्यांच्या डबीतला त्या दिवसाचा कप्पा रिकामा असायचा. पूर्वी घेतली की नाही असा घोळ व्हायचा. आता डबी उघडली की गोळी घेतलेलीच असे. घेतल्याचं आठवत नसे, एवढंच. सवयीने हात चालतात, नकाशेबाई मनाशी म्हणायच्या. आणि लगेच दुसरा विचार यायचा, कोणाचे?

मुलगी रविवारी आली. घर आवरायला काही उरलंच नव्हतं म्हणून नुसती बसली. "आई, किती फरक पडलाय तुझ्यात," ती म्हणाली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून अर्धा तास झोपली. लहानपणानंतर पहिल्यांदाच. नकाशेबाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. सांगायचं ते ओठांपर्यंत आलं होतं. पोरीच्या डोळ्यांखालची वर्तुळं बघून त्यांनी ते गिळलं.

दहाव्या आठवड्यात ड्रायव्हर दोन्ही दिवस आले नाहीत. पुढच्या मंगळवारी आले ते वेळेच्या आधी. शर्टाची इस्त्री कडक, मिशा कातरलेल्या. ताईंनी सांगितलं की ड्रायव्हरांच्या मुलाच्या सांगण्यावरून त्यांची तपासणी लवकर घेतली, आणि निकाल असा आला की तसा ताईंनीही कधी पाहिला नव्हता. तीसपैकी तीस.

"अभिनंदन," नकाशेबाई म्हणाल्या. "मग काय, गाडी रिकामी झाली का?"

ड्रायव्हरांनी त्यांच्याकडे पाहिलं. नजर स्वच्छ होती, काच पुसून ठेवावी तशी. "धन्यवाद, बाई," ते म्हणाले. आणि टेबलावर हात ठेवून सरळ बसले.

त्या दिवशी सगळ्यांना पुन्हा घड्याळ काढायचं होतं. अकरा वाजून दहा मिनिटं. नकाशेबाईंनी आपलं काढून शेजारी पाहिलं. ड्रायव्हरांचं वर्तुळ कंपासने काढल्यासारखं गोल होतं. आकडे सारख्या अंतरावर. त्यांचा उजवा हात कागदाच्या मध्यावर शांत होता. पण डावा हात, टेबलाच्या कडेशी, पेन्सिलीचा एक तुकडा धरून कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी गिरवत होता. वाकडी, एकात एक गेलेली अक्षरं. नकाशेबाईंनी मान कलती करून वाचलं.

ब्रेक लागत नाहीये.

ड्रायव्हरांनीही मान वळवून ते वाचलं. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्यांनी उजव्या हाताने खोडरबर घेतला, कोपरा सावकाश पुसून काढला, कण फुंकरीने उडवले आणि कागद ताईंना दिला. डाव्या हातातला पेन्सिलीचा तुकडा काढून घ्यायला त्यांना बोटं एकेक करून उघडावी लागली.

७

त्या दिवसापासून नकाशेबाईंनी मनातल्या घरात पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं. शब्दांच्या गोष्टी करून पाहिल्या, गाण्याच्या चालीवर बसवून पाहिले. घरी बसून सरावही केला. दहापैकी चार यायचे. चांगल्या दिवशी पाच. नळ पुन्हा एकदा राहिला. यावेळी वेळेत लक्षात आलं.

तपासणीच्या दिवशी मुलगी रजा काढून आली. वाचनालयाच्याच एका छोट्या खोलीत बाहेरून आलेले एक तपासनीस बसले होते. सभ्य गृहस्थ होते, मऊ बोलणारे. दाराला धुरकट काच होती आणि काचेपलीकडे मुलीची सावली दिसत होती. येरझारा घालत होती.

आकडे झाले. आकृत्या झाल्या. फोनच्या वहीतून नाव शोधणं झालं. दहा शब्द सांगून झाले, आणि अर्ध्या तासाने तपासनीस म्हणाले, "आता मघाचे शब्द. घाई नाही. आठ आले तरी पुरे."

"दोरी," नकाशेबाई म्हणाल्या. "संत्रं. पूल." थांबल्या. "रुमाल."

तपासनिसांनी चार खुणा केल्या. पेन कागदावरून उचललं आणि वाट पाहत राहिले.

पाचवा शब्द येईना. नकाशेबाईंनी डोळे उघडे ठेवले होते, मुद्दाम, समोरच्या भिंतीवरच्या पोपड्यावर लावून. काचेपलीकडची सावली थांबली. मुलगी आता कान देऊन उभी होती. गाल काचेला लागला असावा. तेवढी जागा गडद झाली होती.

त्या मनातल्या घरात गेल्या नाहीत. हे त्यांनी नंतर स्वतःला शंभरदा सांगितलं. दार आतून उघडलं.

बोळ दिसला, त्याच्या टोकाला मागची खोली, आणि तिरक्या टेबलाशी पाठ करून बसलेलं कोणीतरी. खांद्यावर त्यांचाच करडा स्वेटर. मानेवर पिकलेल्या केसांचा अंबाडा, थोडा सैल. ती व्यक्ती कागदावर बोट ठेवून एकेक शब्द वाचत होती, मुलांना शुद्धलेखन घालतात तशी, समोरच्याला लिहून घ्यायला वेळ देत. मग बोट थांबलं. पुढचा शब्द तिने उच्चारला नाही. आधी डोकं किंचित वळवलं. कानाची पाळी दिसली, गालाचं हाड दिसलं. ती विचारत होती. परवानगी मागत होती.

गप्प राहायला काय लागलं असतं? चार शब्द, एक निवास, शेजारच्या पलंगावर कोणी अनोळखी बाई. नकाशेबाईंनी ते सगळं पाहिलं. काचेवरची सावलीही पाहिली.

"सांग," त्या म्हणाल्या.

"मला म्हणालात?" तपासनिसांनी मान वर केली.

"नाही, नाही. आठवलं. घंटा. शिडी. मीठ. कासव. पत्र. आरसा."

"दहाच्या दहा," तपासनीस हसून म्हणाले. दार उघडायच्या आत बाहेर मुलगी रडत होती.

८

त्यानंतरचे पंधरा दिवस नकाशेबाईंना तुकड्यातुकड्यांत आठवत होते. मुलीने मारलेली मिठी. ताईंनी दिलेलं प्रमाणपत्र. एकदा त्या ओट्याशी उभ्या होत्या, एकदा दिवाणावर. मधलं काही नव्हतं. पण घर चकचकीत होतं, खालच्या मजल्यावरच्या बाई स्वतः वर येऊन बोलून गेल्या होत्या, असं त्यांना कोणीतरी सांगितल्यासारखं वाटत होतं.

एका दुपारी त्या मागच्या खोलीत जुनी मोजपट्टी शोधायला गेल्या. पट्टी टेबलावरच होती. ती हातात घेऊन त्या खुर्चीवर टेकल्या. उजेड कमी वाटला म्हणून खिडकी उघडायला वळल्या, तर तिथे भिंत होती.

त्यांनी भिंतीवर हात फिरवला. गिलावा गुळगुळीत होता, थंड. खिडकी पूर्वेला, चार फूट बाय साडेतीन, जमिनीपासून तीन फुटांवर. मूळ नकाशात त्यांनीच दाखवली होती. त्यांनी घाईने आठवून पाहिलं. मनातल्या घरातल्या दहा जागांमध्ये खिडकी कधी नव्हती. या खोलीत त्यांनी फक्त टेबल धरलं होतं.

बाहेरच्या खोलीत फोन वाजला.

त्या उठल्या. दार ज्या बाजूला असायला हवं त्या बाजूला वळल्या आणि दोन पावलं गेल्या. मग आणखी दोन. खोली संपत नव्हती. फोन तीनदा वाजला आणि कोणीतरी तो उचलला. हल्ली कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवलेला असे. मुलीचं बोलणं बोळातून इथवर स्पष्ट पोचत होतं.

"आई, कशी आहेस?"

"मजेत गं," बाहेरून नकाशेबाईंचा आवाज म्हणाला. "आत्ताच जेवले. गोळी घेतली. तुझी ती सहामाही झाली का तपासून?"

"झाली की! तुला बरं लक्षात राहतं." मुलगी हसली. ते हसणं मोकळं होतं, कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं असं. "आई, खरं सांगू? इतकं बरं वाटतं हल्ली तुझ्याशी बोलताना. आधी तू मधेच अडकायचीस ना, मी रात्रभर जागी राहायचे. आता मी शांत झोपते."

"झोपत जा. दमतेस तू."

मागच्या खोलीत नकाशेबाई भिंत चाचपत होत्या. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं. मुलीचं नाव यायला हवं होतं. ते कुठे ठेवलं होतं? उंबऱ्यावर, कपाटात, दिवाणावर? त्या जागा सगळ्या बाहेर होत्या. त्यांच्या हातात फक्त पट्टी होती. त्यांनी ती सगळा जीव एकवटून टेबलावर आपटली. एकदा. दोनदा. पट्टीचा तुकडा उडून गालाला लागला. तिसऱ्यांदा आपटली.

फोनवर मुलगी बोलता बोलता थांबली.

"आई, हा कसला आवाज येतोय गं? घरात कोणी आहे का?"

बाहेर खुर्ची सावकाश सरकली. नकाशेबाईंनी भिंतीला कान लावला.

"कोणी नाही गं," त्यांचा आवाज प्रेमाने म्हणाला. "मी एकटीच तर असते."